वंशवृक्ष ऑनलाइन लावताय? मग या चुका टाळा

परवा भावकीतल्या एका पोराचा पुण्याहून फोन आला. "काका, झाडात अकराशे माणसं झाली!" सुरुवात कधी केलीस विचारलं, तर म्हणे शनिवारी. फोन आला तो मंगळवार होता. तीन दिवसांत झाडाला अकराशे पानं फुटत असतील, तर त्यातली निम्मी शेजाऱ्याच्या बांधावरची असतात, हे त्याला कोण सांगणार?

त्यानं केलं काय, तर साइटनं सुचवलेली प्रत्येक जुळणी 'हो, हो' करत मान्य केली. ही सगळ्यात मोठी चूक, आणि मराठवाड्यात ती जास्तच महागात पडते. साइट नाव, साधारण साल आणि ठिकाण बघून जुळणी सुचवते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. रामरावांचे माणिकराव, माणिकरावांचे पुन्हा रामराव, त्यांचे पुन्हा माणिकराव. आडनाव एक, गाव एक, बापाचंही नाव एक. म्हणजे खापरपणजोबा आणि आजोबा कागदावर अक्षरशः सारखेच. पोरानं दोघांना एका बोटात एकत्र केलं. एकशे एकोणतीस वर्षं जगलेला एक गृहस्थ तयार झाला, त्याला दोन बायका. एक आमची आजी आणि दुसरी तिची आजेसासू!

हे झाड त्यानं कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकलं. आत्याला चष्मा लावून वाचायची सवय आहे. तिचा फोन मलाच आला. "माझ्या मायला तिच्या आजेसासूची सवत करून ठेवलंय. काय करायलाव रे तुम्ही लोकं?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

नंतर ते सोडवायला मला चार रविवार लागले. स्वतःचं खासगी झाड असेल तर निदान आपलं आपण निस्तरतो. फॅमिलीसर्चसारख्या ठिकाणी सगळ्या जगाचं मिळून एकच झाड असतं आणि त्यात कुणीही बदल करू शकतो. तिथं बदलांची नोंद राहते, एकत्रीकरण मागंही घेता येतं. पण मधल्या काळात त्याच माणसाला आणखी कुणी चार लेकरं जोडली असली, तर गुंता सोडवणाराच त्यात अडकतो.

माझी सवय सांगतो. पुरुषाच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. बायकोचं नाव, तिचं माहेर आणि जमिनीचा सर्वे नंबर, तिन्ही जुळल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही. शिवाय नावापुढे 'थोरले', 'मधले', 'धाकटे' असं लिहून टाकतो. बायकांची नावं लग्नात बदललेली असतात, म्हणून माहेरचं नावही वेगळं टिपून ठेवा. ते आत्या-मावश्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याकडे आधी जा, साइट कुठं पळून जात नाही.

ठिकाण लिहिताना आजचा जिल्हा जुन्या माणसाला चिकटवू नका. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं. 'लातूर जिल्हा, १९२०' असं टाकून काहीच सापडत नाही म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी हे हुद्दे आहेत. एकाच गावात तीन वेगळ्या घराण्यांचे पाटील असू शकतात. मूळ आडनाव आधी विचारा.

आता माझी स्वतःची चूक. दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय तर हीही सांगितली पाहिजे.

घरात एक उर्दू दस्त आहे, जमीन खरेदीचा. आजोबांचा जन्म 'जमीन घेतली त्या साली' झाला, असं घरात सगळेच सांगायचे. दस्तावर साल १३३१. मुसलमानी साल म्हणजे हिजरी, असं मी गृहीत धरलं, मोबाइलवर हिशोब केला, १९१३ आलं. झाडात टाकून मोकळा झालो. पुढे आजोबांचा शाळेचा दाखला सापडला, त्यावर १९२२. नऊ वर्षांचा फरक! मग मी डोकं लढवलं की १९१३ ला एक थोरला भाऊ झाला असणार, तो लहानपणीच गेला असणार. त्या थोरल्या आजोबांना मी झाडात जागा दिली आणि दोन वर्षं शोधलं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वहीतही शोधलं.

शेवटी संभाजीनगरात एका निवृत्त उर्दू शिक्षकांपुढे दस्त ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला लावला आणि सालाशेजारच्या एका ठिपक्यावर नख ठेवलं. मी तो शाईचा डाग समजत होतो. "हा 'फ' आहे. फसली. आणि महिना बघा, बहमन. हिजरीत बहमन कुठून येणार?"

तर हे पाठ करून ठेवा. निजामाच्या दफ्तरात फसली, म्हणजे महसुलाचं साल चालायचं. त्याचे महिने आजूर, दै, बहमन, खुर्दाद, तीर, मेहर, आबान असे. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. फसली सालात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर ५९१. मोहरम, रजब, रमजान असे महिने दिसले तर ते हिजरी. १३३१ फसलीचा बहमन म्हणजे साधारण डिसेंबर १९२१. कॅमेरा रोखून भाषांतर करणाऱ्या ॲपवर घसटत्या उर्दूसाठी विसंबू नका. माझ्या दस्ताचं त्यानं जे केलं ते इथं छापण्यासारखं नाही. मोडीसाठीही जाणकार माणूसच गाठा.

दाखल्यावरच्या १ जूनला जन्मतारीख मानू नका. ती गुरुजींची तारीख असते. सालावरही जेमतेमच विश्वास.

काही जण कुणबी नोंदीसाठी साइटवरच्या झाडाची छापील प्रत घेऊन तहसीलला जातात. त्याला तिथं कोण विचारतो? आपल्याकडची साखळी जमिनीच्या कागदांतून लागते: आजचा सातबारा, मागचे फेरफार, आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे त्या वेळची जमिनीची नोंद. वारसाच्या फेरफारात मयताचे वारस नात्यासकट लिहिलेले असतात. एवढी नाती एका पानावर मला कुठल्याच साइटवर मिळाली नाहीत. हे कागद आधी, झाड नंतर.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव सगळ्यांना दिसेल असं ठेवू नका. दर सहा महिन्यांनी झाडाची गेडकॉम फाइल, म्हणजे कुठल्याही वंशवृक्षाच्या साइटवर चालणारी प्रत, उतरवून घ्या.

माझे ते थोरले आजोबा मी केव्हाच काढून टाकले. पण त्याआधी कुणीतरी माझं झाड जसंच्या तसं उचललं होतं. त्या गृहस्थांना दोन निरोप धाडले, उत्तर नाही. गेल्या आठवड्यात साइटचा ईमेल आला, 'तुमच्या कुटुंबातली एक नवी व्यक्ती सापडली आहे.' उघडून बघितलं. जन्म १९१३, गाव आमचंच. खाली हिरवं बटण, 'जोडा'.