अ‍ॅपमध्ये नोंदी भरपूर, प्रयोग मात्र फसला: या चुका टाळा

सोयाबीन घरी आलं की शेतकरी गटाच्या बैठकीत हा प्रश्न ठरलेला असतो: "अ‍ॅपमध्ये सगळं भरलं जी, पण जीवामृतानं फायदा झाला का नाही, ते काही समजून नाही राहिलं." जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ घालून आंबवलेलं द्रावण. जून ते ऑक्टोबर नोंदी असतात, फोटो असतात, खर्चाचे आकडेही असतात. उत्तर तेवढं नसतं. बहुतेक वेळा खापर अ‍ॅपवर फुटतं. खरी गफलत पेरणीच्या दिवशीच वावरात झालेली असते.

आधी एक घोळ निस्तरू. शेतीची सगळी अ‍ॅप एका कामाची नाहीत. 'मेघदूत' हवामानाचा अंदाज आणि सल्ला देतं. 'प्लँटिक्स' पानाचा फोटो पाहून रोग-किडीचा अंदाज सांगतं. २०२१ पासून राज्यात सुरू झालेली 'ई-पीक पाहणी' सातबारावर पीक चढवण्यासाठी आहे. तिथे पीक नोंदवलं म्हणजे प्रयोगाची नोंद झाली, असं समजणारे भेटतात, पण त्या नोंदीचा प्रयोगाशी संबंध नाही. स्वतःचा प्रश्न स्वतः ठरवून त्याच्या नोंदी ठेवायच्या असतील तर 'कोबोकलेक्ट' किंवा 'ओडीके'सारखं फॉर्म भरायचं अ‍ॅप लागतं. ते रेंज नसतानाही चालतं आणि त्यातले प्रश्न मराठीत लिहिता येतात. खालच्या चुका मुख्यतः अशा अ‍ॅपवर केलेल्या प्रयोगांतल्या आहेत.

नेहमीचा पट्टाच नसतो

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून जरा तपशिलात जातो. नवीन काही करायचं ठरलं की माणूस अख्ख्या वावराला करून मोकळा होतो. मग तुलना कशाशी करायची? मागच्या वर्षाशी केली तर मागच्या वर्षीचा पाऊस वेगळा. शेजाऱ्याशी केली तर त्याची जमीन वेगळी, पेरणीची तारीख वेगळी, वाण वेगळा. त्याच वावरात, त्याच दिवशी पेरलेला, नेहमीच्या पद्धतीचा एक पट्टा राखला नसेल तर अ‍ॅपमधल्या शंभर नोंदीही 'यंदा बरं दिसलं' याच्यापुढे जात नाहीत.

पट्टा राखला तरी तो कुठे राखला, यावर बरंच ठरतं. आपल्याकडे एकाच वावरात वरच्या अंगाला बरड (उथळ, हलकी) आणि नाल्याकडे खोल काळी जमीन असणं नेहमीचंच. जीवामृताचा पट्टा खाली आणि नेहमीचा वर ठेवला, तर शेवटी मोजली जाते ती मातीची खोली. पेरणी उताराला आडवी असावी हे बरोबरच आहे. म्हणून पट्टे वरून खाली आलटून पालटून घ्या: एक नवा, एक नेहमीचा, पुन्हा एक नवा, पुन्हा एक नेहमीचा. सुरुवात कोणत्याने करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा. यात पोरखेळ काही नाही. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात पिकांच्या प्रयोगांसाठी चिठ्ठीचं हेच तत्त्व पक्कं केलं आणि कृषी विद्यापीठांचे प्रयोग आजही त्यावरच चालतात. माणूस स्वतः निवडायला बसला की नव्या पद्धतीला नकळत चांगली जागा देतो. धुऱ्यावरच्या बाभळीच्या सावलीतले आणि जनावरांच्या वाटेवरचे तास (पिकाच्या ओळी) कोणत्याच पट्ट्यात धरू नका.

तीन-चार एकरवाल्याला इतके पट्टे परवडत नाहीत, ही अडचण खरी आहे. तिथे गट कामाला येतो. आठ-दहा जणांनी आपापल्या वावरात एक नवा आणि एक नेहमीचा असे दोनच पट्टे घ्यायचे, मोजायची पद्धत सगळ्यांची सारखी ठेवायची आणि हिशेब एकत्र करायचा. वाण तपासायचे असतील तर याहून सोपी रीत आहे. समजा गटाकडे सात-आठ वाण आहेत. प्रत्येकाला त्यातले फक्त तीन द्यायचे आणि 'तिघांत सरस कोणता, सगळ्यात हलका कोणता' एवढंच विचारायचं. 'क्लायमॉब' नावाची संगणक प्रणाली सगळ्यांची उत्तरं जुळवून एकूण क्रम लावते. निकाराग्वात घेवडा, इथिओपियात आणि भारतात गहू अशा १२ हजारांहून अधिक शेतकरी-प्लॉटांवर ही पद्धत वापरली गेली आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मला ही रीत आवडते, कारण तिला काटा लागत नाही.

एकदम तीन गोष्टी बदलल्या

जीवामृत सुरू केलं, डीएपी हे रासायनिक खत बंद केलं आणि वाणही नवा घेतला. मग फरक कशाचा? पूर्ण पद्धत विरुद्ध पूर्ण पद्धत तपासायला हरकत नाही, पण मग निकाल त्या अख्ख्या पद्धतीचा असतो, एकट्या जीवामृताचा नसतो. प्रश्न एका वाक्यात लिहून फॉर्मच्या वरच टाका.

जीवामृत म्हणजे काय हेही फॉर्ममध्ये नोंदवा. बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांमुळे ही कृती आपल्याकडे घरोघरी माहीत आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधाची माती. पण कोणी गूळ निम्मा टाकतो, कोणी ड्रम आठवडाभर ठेवतो, कोणी शेण म्हशीचं घेतो. दहा घरची दहा द्रावणं एकाच रकान्यात गेली तर बेरजेला अर्थ राहत नाही.

आणखी एक खोड. नव्या पट्ट्याचे लाड होतात. तिथे निंदण वेळेवर, डवरणी (कोळपणी) जास्तीची, आणि नेहमीचा पट्टा रामभरोसे. दोन्हीकडे मजूर एकाच दिवशी लावा आणि मजुरीचे दिवसही दोन्हीचे लिहा, घरच्या माणसांचेसुद्धा. उत्पादन सारखं येऊन खर्च कमी झाला असेल, तर तोही निकालच आहे.

जीपीएसने पट्टा मोजला

मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. पाच एकराच्या वावराला ते चालतं. आठ तासांचा सोयाबीनचा पट्टा ४५ सेंटिमीटर अंतराने जेमतेम ३.६ मीटर रुंद असतो, तिथे त्याचा काही उपयोग नाही. टेप घ्या. दोन्ही कडेचे तास सोडून मधले सहा काढा, कारण फवारणीचे तुषार शेजारच्या पट्ट्यात उडतातच. सहा तास म्हणजे २.७ मीटर, लांबी १०० मीटर असेल तर क्षेत्र २७० चौरस मीटर. त्यातून ४१ किलो निघालं तर ४१ भागिले २७०, गुणिले ४०४७. एकरी साधारण ६१४ किलो, म्हणजे सहा क्विंटलच्या थोडं वर.

हडंब्यातून (मळणी यंत्रातून) काढताना पहिल्या पट्ट्याचा माल आत अडकून राहतो आणि दुसऱ्यात मिसळतो. मधे मशीन रिकामं फिरवा. हडंबेवाला घाईत असतो, म्हणून त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ओलावाही बघा. एका पट्ट्याचं ६० किलो १८ टक्के ओलाव्याला भरलं, तर १२ टक्क्यांच्या हिशेबाने ते ५६ किलोच आहे.

कापसाचा प्रश्न वेगळा. वेचे तीन-चार होतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं ठेवावं लागतं. मजुरी किलोवर असल्यामुळे वजन तसंही होतंच, पण दोन्ही पट्ट्यांचा कापूस एकाच गाठोड्यात जातो. पट्ट्याच्या टोकाला रंगीत चिंधी बांधा आणि त्याच रंगाची गाठोड्याला. हे वेचणाऱ्या बायांना आधी समजावून सांगा. बहुतेक ठिकाणी फोन घरच्या पोराकडे असतो आणि डोमकळी (अळीमुळे न उमललेलं फूल), किडकी बोंडं, गळ हे सगळं आधी दिसतं ते बायांना. त्यांना न विचारता भरलेल्या फॉर्मवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

फोटोने निदान, तेच औषध

फोटो ओळखणारी अ‍ॅप कामाची आहेत, पण ती लक्षण पाहतात, कारण बघत नाहीत. कपाशीचं पान लाल झालं की 'लाल्या' म्हणून उत्तर येतं. त्यामागे मॅग्नेशियमची कमतरता असेल, नत्र कमी पडलं असेल, रात्रीची थंडी असेल किंवा तुडतुडे असतील. पानाची खालची बाजू उलटून तुम्हीच बघायची. सोयाबीन पिवळं पडलं तरी तसंच. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता असू शकते. हिरवे-पिवळे चट्टे वेडेवाकडे पसरले असतील तर पिवळा मोझॅक, आणि तो पसरवते पांढरी माशी. शंका असेल तर नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.

प्रयोगासाठी फोटो काढायचे तर एका खुंटीपाशी, एकाच उंचीवरून, सकाळच्या एकाच सुमारास. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवू नका. फोटो दबतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पाऊस गावचा धरला, वावरचा नाही

पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या केंद्राचा मिळतो. श्रावणात एका शिवारात पाणी वाहतं आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते, हे इथल्या कोणाला सांगायला नको. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा खुंटीवर बांधा आणि रोज सकाळी पट्टीने मिलिमीटर मोजा. एवढा एक रकाना भरलात तरी पुढच्या वर्षीची तुलना करताना हात रिकामा राहत नाही.

फोन आणि अ‍ॅपची रडगाणी

फॉर्म भरला, पण गटाच्या यादीत दिसत नाही: तो 'ड्राफ्ट'मध्ये किंवा 'पाठवायला तयार'मध्ये अडकलाय. रेंजमध्ये आल्यावर पाठवा. मेमरी भरली म्हणून अ‍ॅप काढून टाकलं तर न पाठवलेले फॉर्म त्याच्याबरोबर जातात.

ओटीपी येत नाही: रिचार्ज संपून नंबर बंद झालाय, किंवा सिम घेऊन पोरगा पुण्याला गेलाय. खातं घरातल्या एकाच्या नंबरवर न काढता गटाच्या ईमेलवर काढा.

तारखा उलट्यासुलट्या: फोनची तारीख आपोआप घेण्याची सेटिंग बंद आहे. पोळ्याला बसून जूनपासूनच्या नोंदी एकदम भरल्या तरी अ‍ॅपमध्ये सगळीकडे पोळ्याचीच तारीख दिसते, म्हणून 'काम कधी झालं' हा वेगळा प्रश्न फॉर्ममध्ये ठेवा.

एक्सेलमध्ये मराठीच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात: फाइल बिघडलेली नाही. सीएसव्ही थेट न उघडता गूगल शीट्समध्ये आयात करा, किंवा एक्सेलमध्ये आयात करताना यूटीएफ-८ निवडा.

बेरीज होत नाही: कोणी '४१ किलो' लिहिलं, कोणी 'अंदाजे ४०'. त्या प्रश्नाला फक्त आकडाच घेईल अशी अट लावा.

अ‍ॅप आधार क्रमांक मागतं: पीक-प्रयोगाला तो लागत नाही. देऊ नका.

शून्य आणि रिकामं यांतला फरक मात्र सगळ्यांना बजावून सांगा. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले की उपाय करायची वेळ आली, असं धरतात. सापळा बघितला आणि पतंग नव्हता तर शून्य. बघायलाच गेला नाहीत तर रकाना रिकामा. रिकाम्या जागी शून्य टाकलं तर अळी नसल्याचा निष्कर्ष निघतो आणि फवारणी चुकते.

रोही (नीलगाय) किंवा रानडुकरं शिरली आणि एक पट्टा लोळवला, तर 'एवढं झालं असतं' असा अंदाजाचा आकडा टाकू नका. नुकसान कधी आणि किती झालं ते लिहा, फोटो जोडा आणि त्या वावरचे दोन्ही पट्टे गटाच्या सरासरीतून वगळा. वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करायचा असेल तर तोच फोटो तिथेही जोडता येतो.