आठ बिटांचा संगणक स्वतः उभा करा : एफपीजीए शिकू पाहणाऱ्या खान्देशातल्या मुलांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींचा मला ठरलेला प्रश्न असतो : चिप डिझाइनमध्ये जायचं आहे, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट कोणता घेऊ? माझं उत्तरही आता ठरून गेलंय. ट्रॅफिक सिग्नल, व्हेंडिंग मशीन, चार बिटांचा एएलयू हे सगळं बाजूला ठेवा आणि १९८२ सालचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशा चिपवर, उभा करा. मी भुसावळला डिप्लोमा केला, पुढे डिग्री, आता पुण्यात एफपीजीएवरच काम करतो. क्लॉक, मेमरी, स्टेट मशीन हे कॉलेजात वेगवेगळ्या धड्यांत वाचलं होतं. ते एकमेकांत कसं गुंतलेलं असतं ते मला या एका यंत्राने दाखवलं.

स्पेक्ट्रमच का, तर तो पूर्ण डोक्यात मावतो. साडेतीन मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, १६ केबी रॉम, १६ किंवा ४८ केबी रॅम आणि यूएलए नावाची एक चिप, एवढाच संसार. पडद्यावरचं चित्र, बॉर्डरचा रंग, कीबोर्ड, आवाज, कॅसेट हे सगळं त्या यूएलएच्या अंगावर. हे यंत्र आपल्याकडे परकंही नव्हतं. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ भारतात विकला होता. शाळांमध्ये मात्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४-८५ पासून बीबीसी मायक्रो आले. तुमच्या गावातल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांपैकी कोणी बीबीसी मायक्रो हाताळलेला असेल तर त्यांच्याशी जरूर बोला. त्या काळी संगणक सुरू केल्याबरोबर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर यायची, ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखी आहे.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एलईडी लागला की काम झालं असं धरतात, आतलं कोणी तपासत नाही. इथे चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली रॉम तुमची परीक्षा घेते. पत्त्याचा एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ती पुढे सरकत नाही.

एफपीजीएबद्दल थोडक्यात. या चिपमध्ये हजारो छोटे लॉजिकचे तुकडे, फ्लिप-फ्लॉप आणि मेमरीचे ब्लॉक असतात. ते एकमेकांना कसे जोडायचे हे तुम्ही व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहायच्या भाषेत लिहिता. झायलिंक्सने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या एफपीजीएत असे ६४ ब्लॉक होते. आज टँग नॅनो २०के नावाच्या तळहाताएवढ्या बोर्डावर २०,७३६ एलयूटी, म्हणजे असेच छोटे लॉजिकचे तुकडे, मिळतात. लॅपटॉपवरचा इम्युलेटर जुन्या यंत्राचं वागणं एकामागून एक सूचना चालवून दाखवतो. एफपीजीएत प्रोसेसर आणि यूएलए खरोखर एकाच वेळी, शेजारी शेजारी चालतात. मूळ चिपांवरही आता भिस्त ठेवता येत नाही : झायलॉगने पारंपरिक झेड-८० च्या ऑर्डर घेणं जून २०२४ मध्ये बंद केलं.

तयार कोअर, म्हणजे एफपीजीएसाठी आधीच लिहिलेली डिझाइनं, पुष्कळ आहेत. डीई१०-नॅनो बोर्डावर चालणाऱ्या मिस्टर प्रकल्पात तर त्या काळचे बहुतेक संगणक सापडतील. फाइल टाकली की गेम सुरू. पण त्यातून डिझाइन येत नाही. आणि सगळंच स्वतः लिहायला बसलात तर झेड-८० च्या सूचनांमध्येच वर्ष निघून जाईल. म्हणून माझा आग्रह असा, की प्रोसेसर तयार घ्या आणि यूएलए स्वतः लिहा. टी-८० किंवा टीव्ही-८० हे खुले कोअर बरीच वर्षं वापरात आहेत. यूएलए लिहिताना मात्र कोणाचा कोड उघडू नका. आपली चालू झाल्यावर दुसऱ्याची वाचा, तेव्हा खरी चव कळते.

आपल्या डिप्लोमाच्या मुलांना इथे एक फायदा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रयोगशाळेत आपण ८०८५ च्या ट्रेनर किटवर हेक्स आकडे टाकत बसतो ना, तेच ज्ञान इथे चालतं. झेड-८० आणि ८०८५ हे दोघेही ८०८० चे वारस. स्पेक्ट्रमच्या रॉममधले पहिले आठ बाइट पाहा : एफ३, एएफ, ११, एफएफ, एफएफ, सी३, सीबी, ११. आता ८०८५ चा ऑपकोडचा कागद काढा. एफ३ म्हणजे डीआय, इंटरप्ट बंद. एएफ म्हणजे एक्सआरए ए, अ‍ॅक्युम्युलेटर शून्य. ११ म्हणजे एलएक्सआय डी, डीई जोडीत एफएफएफएफ भरा. सी३ म्हणजे जंप, आणि मागचे दोन बाइट उलटे वाचले की पत्ता ११सीबी. पहिल्या चारही सूचना आपल्या जर्नलमधल्या तक्त्यातून जशाच्या तशा उलगडतात! सिम्युलेशनच्या वेव्हफॉर्ममध्ये अ‍ॅड्रेस बस शून्यापासून चढत सातपर्यंत जाते आणि तिथून ११सीबीवर उडी मारते. ही उडी दिसली की प्रोसेसर आणि रॉमची जोडणी बरोबर आहे असं समजा.

बोर्ड घेण्याआधी मेमरीचा हिशेब मांडा. टँग नॅनो ९के मध्ये मेमरीचे २६ ब्लॉक, आठ बिटांच्या रुंदीला प्रत्येकी २ केबी, म्हणजे ५२ केबी. ४८ केबी रॅम आणि १६ केबी रॉम मिळून लागतात ६४ केबी, ते त्यात बसत नाहीत. २०के मध्ये ४६ ब्लॉक, म्हणजे ९२ केबी. सगळं चिपच्या आतच मावतं आणि बाहेरच्या मेमरीच्या भानगडीत पडावं लागत नाही. ९के आधीच हाताशी असेल तरी हरकत नाही, १६ केबीचा स्पेक्ट्रम करा. मेमरी कुठे संपते हे रॉम सुरुवातीलाच लिहून-वाचून शोधते. दोघातिघांनी वर्गणी काढून एक बोर्ड घेतला तरी पुरतो, कारण निम्म्याहून जास्त काम लॅपटॉपवरच होतं. सिम्युलेशनसाठी आयकॅरस व्हेरिलॉग आणि वेव्हफॉर्म पाहायला जीटीकेवेव्ह ही दोन्ही साधनं फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवर चालतात, आणि लाइट गेली तरी बॅटरीवर काम सुरू राहतं. उन्हाळ्यात भुसावळकडे दुपारी काही सुचत नाही. रात्री गच्चीवर बसून वेव्हफॉर्म वाचायची सवय लावून घ्या.

सुरुवात चित्रापासून करा, प्रोसेसरपासून नको. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. ठिपक्यांसाठी ६,१४४ बाइट, रंगांसाठी ७६८, मिळून ६,९१२. कोणत्याही गेमच्या चित्राची एवढीच फाइल मेमरीत भरून ठेवा आणि ती मॉनिटरवर आणा. झेड-८० ची अजून गरजच नाही.

इथेच यूएलएची खरी गंमत आहे. पडद्याची मेमरी १६३८४ पासून सुरू होते. शून्याव्या ओळीखालची पहिली ओळ ३२ बाइट पुढे असेल असं कोणालाही वाटेल, पण ती असते २५६ बाइट पुढे, १६६४० वर. १६४१६ वर सापडते ती आठवी ओळ. आणि पडद्याचे तीन आडवे भाग आहेत, प्रत्येकी २,०४८ बाइटचे. अमळनेरच्या माझ्या मामेभावाने पत्ते सरळ मोजून चित्र आणलं तेव्हा त्याला नुसत्या विस्कटलेल्या पट्ट्या दिसत होत्या. ओळीच्या आकड्याचे खालचे तीन बिट आणि मधले तीन बिट यांची अदलाबदल कर, एवढंच मी फोनवर सांगितलं. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, “दादा, आते बराबर दिसस!”

ही उलटापालट हौसेखातर केलेली नव्हती. ठिपक्यांचा बाइट आणि त्याच जागेचा रंगाचा बाइट, या दोघांच्या पत्त्याचा खालचा भाग या रचनेत सारखाच येतो. त्या काळच्या डायनॅमिक रॅमला पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागे. पहिला हप्ता तोच राहिला की दुसरा बाइट लवकर मिळे. स्वस्त मेमरीतून वेळेत चित्र काढण्यासाठी केलेली ही युक्ती आहे. असा प्रत्येक विचित्रपणा दिसला की त्यामागचं कारण शोधा.

रंगाचा बाइटही नीट वाचा : खालचे तीन बिट शाईचे (ठिपक्याचा रंग), पुढचे तीन कागदाचे (मागचा रंग), मग एक उजळपणाचा, शेवटचा लुकलुकण्याचा. रंगांचा क्रम निळा, लाल, हिरवा असा आहे. एफपीजीएतली ब्लॉक रॅम पत्ता दिल्यावर डेटा पुढच्या क्लॉकला देते, म्हणून बाइट आधीच मागवून ठेवावा लागतो. रंग ठिपक्यांपासून सरकलेले दिसले तर पहिला संशय इथेच घ्या.

आता क्लॉक. या बोर्डांवर २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, आणि ७२० बाय ५७६ या ५० हर्ट्झच्या व्हिडिओला नेमका तेवढाच लागतो : ८६४ गुणिले ६२५ गुणिले ५०. स्पेक्ट्रमचे ठिपके दुप्पट केले की ५१२ बाय ३८४ होतात आणि चारही बाजूंना बॉर्डर उरते. झेड-८० ला मात्र साडेतीन मेगाहर्ट्झ हवेत. नवखी मुलं इथे काउंटर लावून दुसरा क्लॉक बनवतात आणि टायमिंगच्या जाळ्यात अडकतात. तसं करू नका. सगळं डिझाइन २७ वरच चालवा आणि प्रोसेसरला क्लॉक एनेबल द्या, म्हणजे कोणत्या ठोक्याला चालायचं ते सांगणारा सिग्नल. एका रजिस्टरमध्ये दर क्लॉकला ७ मिळवा. बेरीज ५४ किंवा जास्त झाली की ५४ वजा करा आणि त्याच क्लॉकला एनेबल वर करा. २७ गुणिले ७ भागिले ५४, बरोबर ३.५. एका फ्रेममध्ये ७०,००० टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकचे ठोके, मिळतात. मूळ यंत्रात ओळीला २२४ प्रमाणे ३१२ ओळींचे ६९,८८८ असत. बेसिकला आणि बहुतेक गेमना हा फरक जाणवत नाही. बॉर्डरवर मोजून मापून रंगाचे पट्टे काढणाऱ्या डेमोंना जाणवतो, तो पुढचा अभ्यास.

कीबोर्ड विकत घेऊ नका, बनवा. ४० पुश बटणं, एक झीरो पीसीबी, आठ रांगा, प्रत्येकीत पाच बटणं, म्हणजे १३ तारा, आणि रांगांच्या तारांवर डायोड. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये नाहीतर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे हे सामान मिळून जातं. प्रोसेसर २५४ नंबरचं पोर्ट वाचतो, पत्त्याच्या वरच्या आठ बिटांवरून रांग ठरते, दाबलेलं बटण शून्य दाखवतं. एफपीजीएच्या पिनांना ३.३ व्होल्टच द्या. ५ व्होल्ट लागले तर बोर्ड जाईल.

नोकरीच्या मुलाखतीत याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. बंगळूर, हैदराबाद, पुणे, नोएडा, कुठेही जा, विचारतात तेच : दोन क्लॉक डोमेनमधून सिग्नल कसा न्याल, मेटास्टेबिलिटी म्हणजे काय, टायमिंग बसत नसेल तर काय कराल. बटण केव्हा दाबलं जाईल याचा क्लॉकशी संबंध नसतो, म्हणून मी तिथे दोन फ्लिप-फ्लॉप लावले, असं जो सांगतो त्याचं उत्तर पाठ केलेलं वाटत नाही. मूळ यूएलए चित्र काढताना प्रोसेसरला थांबवून ठेवायची, मी ड्युअल पोर्ट रॅम (एकाच वेळी दोन बाजूंनी वापरता येणारी) वापरून ती अडचण काढली, हे वाक्य तर पाच मिनिटांची चर्चा सुरू करतं. टेस्टबेंच, म्हणजे डिझाइन तपासणारा कोड, मनापासून लिहा आणि सोबत दाखवा, कारण व्हेरिफिकेशनच्या जागा डिझाइनपेक्षा जास्त असतात. व्हेरिलॉगची पायाभरणी कच्ची असेल तर एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा कोर्स आहे, तो आधी पूर्ण करा. इंग्रजी बोलायची भीती वाटते असं आपल्याकडची पुष्कळ मुलं सांगतात. स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलताना ती बरीच कमी होते, हे मी आमच्या टीममध्ये आलेल्या नव्या मुलांत पाहिलंय.

कोड सार्वजनिक ठेवताना रॉमची फाइल त्यात टाकू नका. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने घेतला आणि रॉमचे हक्क आजही राखीव आहेत. ती कुठे ठेवायची एवढं लिहून द्या.

बेसिक चालू झालं की शेवटी कॅसेट जोडा; त्या काळी गेम कॅसेटवरच्या आवाजातूनच लोड होत. लॅपटॉपच्या हेडफोनचा आवाज एलएम३९३ या कंपॅरेटरला द्या, इनपुटला थोडा डीसी बायस, आउटपुटला ३.३ व्होल्टचं पुल-अप, आणि तिथून एफपीजीएच्या एका पिनवर. सुरुवातीचा सूर ८०७ हर्ट्झच्या आसपास असतो. तो पकडला गेला की बॉर्डरवर लाल आणि फिक्या निळ्या पट्ट्या धावतात, डेटा सुरू झाला की निळ्या-पिवळ्या. शून्यासाठी ८५५ टी-स्टेटचे दोन स्पंद, एकासाठी १,७१० चे दोन. पट्ट्या थरथरत राहिल्या आणि लोड होत नसेल तर आधी आवाज वाढवून पाहा, मग बायस तपासा, आणि त्यानंतरच कोड उघडा.