ई-सायकल आहेच, आता साधी हवी: सपाट रस्त्यासाठी दुसरी सायकल घेताना या चुका टाळा

ई-सायकल घेतलेल्या बऱ्याच जणांना काही महिन्यांनी एकच गोष्ट खटकू लागते. घाम न येता ऑफिसला पोचता येतं, येताना भाजी आणता येते, सगळं मनासारखं. पोट मात्र होतं तिथेच. मग ठरतं, व्यायामासाठी एक साधी सायकल घ्यायची. दुकानात शिरल्यावर समोर उभी असते ती जाड टायरची, पुढे शॉकअप लावलेली, २१ गियरची आणि दिसायला एकदम दणकट. नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर किंवा नागपुरात वर्धा रोडला, जिथे चढ म्हणजे फार तर उड्डाणपूल, तिथे यातलं निम्मं सामान निरुपयोगी आहे.

आधी मोटर बंद करून चालवून बघा

हा सल्ला दुकानदार देणार नाही. दोन-चार सकाळी आहे तीच ई-सायकल मोटर बंद ठेवून हाणून बघा. बहुतेक ई-सायकलींच्या मागच्या चाकात गियर असलेली हब मोटर असते. ती बंद असताना चाक मोकळं फिरतं, फारसं अडत नाही. काही सायकलींना गियर नसलेली थेट मोटर असते. ती बंद असतानाही चाक मागे ओढल्यासारखं वाटतं. तशी असेल तर व्यायामासाठी ती विसरा.

या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. सकाळी उठून जाणं खरंच जमतं का, ही पहिली. हात हँडलवरच्या बटणाकडे किती वेळा जातो, ही दुसरी. सहाव्या-सातव्या किलोमीटरला समोरून वारा लागला की अंगठा आपोआप तिकडे सरकतो. दुसरी सायकल घेण्याचं माझ्या मते सर्वांत प्रामाणिक कारण हेच: तिच्यावर ते बटणच नसतं.

डोंगराचे निकष सपाटीवर लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. हलकी सायकल म्हणजे चांगली सायकल, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. घाट चढायचा असेल तर ते खरंही आहे. पण ७५ किलोचा माणूस १२ किलोच्या सायकलवर बसला की एकूण वजन होतं ८७ किलो. जास्तीचे पैसे मोजून त्यातले दोन किलो कमी केले तर फरक पडला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, आणि सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तोही जाणवत नाही. सिग्नलवरून निघताना थोडासा जाणवेल, इतकंच.

सपाटीवर खरी झुंज हवेशी असते. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० वरून २५ किलोमीटरवर जायचं तर तेवढ्या कामाला जवळपास दुप्पट जोर लागतो. म्हणून तुम्ही सायकलवर कसे बसता याला सायकलच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे. खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसवणारी सायकल बाजारहाटाला उत्तम, पण वारा सगळा छातीवर घेते. रेसिंग सायकलचं वळलेलं हँडल वारा सर्वांत चांगला चुकवतं. मात्र ज्याची पाठ आणि मान अजून त्या वाकण्याला सरावलेली नाही, तो महिनाभरात सायकल गॅलरीत लावून टाकतो. मधला मार्ग म्हणजे सरळ हँडलची, पुढे शॉकअप नसलेली हायब्रिड, म्हणजे रेसिंग आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल. ट्रेकची एफएक्स किंवा जायंटची एस्केप या जातीच्या. भारतीय कंपन्यांचीही मॉडेलं असतात, फक्त ‘पुढे साधा फोर्क’ (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा, शॉकअपविना) असं स्पष्ट सांगून मागावी लागतात, कारण दुकानात दर्शनी जागा शॉकअपवाल्यांना मिळते.

शॉकअप का नको? स्वस्त सायकलवरचा शॉकअप दीड-दोन किलोंची भर घालतो, आणि उभं राहून जोर लावला की खाली-वर होऊन त्यातला थोडा जोर स्वतःच गिळतो. खड्ड्यांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. खड्ड्यांसाठी टायर जरा रुंद घ्या. ३२ ते ३८ मिलिमीटरचा, कमी नक्षीचा टायर आपल्या रस्त्यांना पुरतो. माउंटन बाइकचे गुठळ्यांचे टायर डांबरावर नुसता आवाज करतात आणि पाय थकवतात.

गियरचा हिशेब तर अगदी सोपा आहे. पुढे ४६ दातांचं आणि मागे १८ दातांचं चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ७०० मापाच्या चाकाची सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेरे मारले की वेग झाला ताशी जवळपास २६ किलोमीटर. म्हणजे एकच गियर असला तरी सपाटीवर व्यायाम होऊ शकतो. तरी उड्डाणपूल आणि समोरचा वारा यांच्यासाठी दोन-तीन हलके गियर हवेत, म्हणून पुढे एक किंवा दोन चक्रं आणि मागे आठ, एवढं भरपूर झालं. २१ या आकड्यातले कितीतरी गियर एकमेकांसारखेच असतात.

‘घरात सगळ्यांना चालेल’ अशी घेणं

सीट वर-खाली करता येते, त्यामुळे बाबांची सायकल मुलालाही होईल, हे मराठी घरातलं लाडकं गणित. सीटची उंची बदलते, हँडलपर्यंतचं अंतर बदलत नाही. माप ज्याला चालवायची त्याचंच घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये एक जाड वही वरपर्यंत घट्ट धरा आणि जमिनीपासून तिच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतची उंची मिळते. ७८ सेंटिमीटर भरले तर सुमारे ६९. हे सुरुवातीचं माप. पुढे अर्धा-एक सेंटिमीटर इकडे-तिकडे होणारच.

दुखणं कुठे आहे त्यावरून चूक ओळखता येते. गुडघा पुढून दुखतो तेव्हा बहुधा सीट खाली असते किंवा गियर फार जड असतो. मागून दुखतो तेव्हा सीट वर गेलेली असते. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तरी तेच. तळव्यांना मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा, नाहीतर हँडल लांब पडतंय. बैठक दुखली म्हणून लगेच ई-सायकलसारखी रुंद, मऊ सीट लावू नका. पुढे झुकून बसल्यावर ती मांड्यांना घासते. पहिले पंधरा दिवस हाडं दुखणं समजण्यासारखं आहे. बधिरपणा मात्र अंगावर काढू नका: सीटचा कोन बदला, आणि तरी राहिला तर सीटच बदला.

‘नवी सायकल जडच चालते’

ही तक्रार घेऊन लोक पहिल्याच आठवड्यात दुकानात परत जातात. चाक उचलून फिरवा. ब्रेक घासत नसेल आणि हवा बरोबर असेल, तर सायकलमध्ये दोष नाही. बऱ्याच ई-सायकलींमध्ये पायडल फक्त फिरतंय एवढं कळलं की मोटर काम सुरू करते, जोर लावा वा नका लावू. शिवाय सिग्नलला जड गियरमध्ये थांबून तसंच निघायची सवय लागलेली असते. साध्या सायकलवर ती सवय गुडघ्यांवर येते. थांबण्याआधी गियर हलका करा आणि पाय मिनिटाला ८० च्या आसपास फिरू द्या. जोर कमी, फेरे जास्त.

आणि जाताना वारा समोरून येईल अशी दिशा निवडा. दमल्यावर परतताना तो पाठीशी हवा. किनाऱ्यालगत दुपारपासून समुद्राकडून वारा वाढतो, त्यामुळे सकाळ लवकर गाठलेली बरी.

हवा, तेल आणि कोपऱ्यातली बॅटरी

ई-सायकलची हवा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरता येते, कारण तिचा व्हॉल्व्ह बहुधा स्कूटरसारखाच असतो. हायब्रिडला अनेकदा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह येतो आणि त्याच्यावर ते नोझल बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर सायकलसोबतच मागून घ्या, घरी मीटर असलेला उभा पंप ठेवा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे. ७० किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये साठ-पासष्ट पीएसआय पुरते, आणि आठवड्याला एकदा तपासावी लागते.

चेनला सायकलचंच तेल. गंज सोडवायचा स्प्रे चेनवर मारून भागत नाही, आणि त्याचा फवारा डिस्क ब्रेकच्या चकतीवर उडाला तर ब्रेक धरेनासे होतात. मडगार्ड बसवायची भोकं फ्रेमवर आहेत का, तेही घेतानाच बघा. जूनमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. कॅरियर, बास्केट आणि मोठं स्टँड मात्र लावू नका. ती कामं ई-सायकलकडेच राहू द्या.

साधी सायकल रोज निघू लागली की ई-सायकल आठवडेच्या आठवडे उभी राहते. तिची बॅटरी पूर्ण चार्ज करून किंवा पार उतरवून ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा, काढता येत असेल तर काढून उन्हापासून लांब, घरात ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत आणा.