मुखपृष्ठाला शोभेल असं पोर्ट्रेट कसं काढावं

मुखपृष्ठाच्या फोटोवर नंतर अक्षरं बसणार असतात. वर मासिकाचं नाव, बाजूला मथळे, खाली कोपऱ्यात बारकोड. चेहरा कितीही देखणा आला, तरी अक्षरांना जागा नसेल तर तो फोटो मुखपृष्ठाच्या कामाचा नाही. म्हणून आधी मोकळ्या जागेचा विचार करा, मग चेहऱ्याचा.

कॅमेरा उभा धरा. डोक्याच्या वर फ्रेमचा साधारण पाचवा भाग रिकामा ठेवा आणि डोळे वरून एक तृतीयांश उंचीवर येऊ द्या. एरवी एवढी जागा ओकीबोकी वाटेल, इथे ती लागतेच. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांची फ्रेम २:३ प्रमाणात असते आणि ए-४ आकाराचं पान त्याहून किंचित बुटकं, म्हणजे वर-खाली थोडं कापलं जाणारच. मागे एकरंगी भिंत उत्तम. माणूस भिंतीपासून निदान दीड मीटर पुढे असावा, नाहीतर त्याची सावली भिंतीवर पडते. मनगट किंवा कोपर नेमकं फ्रेमच्या कडेवर कापलं जाणार नाही, हेही पाहा.

आता प्रकाश. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. थेट ऊन न येणाऱ्या मोठ्या खिडकीजवळ माणसाला तिरकं बसवा आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा कार्डशीट धरा. मग जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत पाहा. बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळातल्या १० किंवा २ च्या जागी, खिडकीचा छोटासा उजळ चौकोन दिसला पाहिजे. तो नसेल तर नजर विझल्यासारखी वाटते. हनुवटी जराशी वर करायला सांगा किंवा चेहरा खिडकीकडे वळवा. खोलीतले दिवे मात्र बंदच ठेवा. एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर आला, तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटा सुधारायची सेटिंग) बदलून दोन्ही एकदम सुधारत नाहीत.

लेन्स ८५ एमएमच्या आसपासची घ्या. वाइड लेन्सने जवळून काढलं की नाक मोठं दिसतं. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं) सगळं उघडायचा मोह होतो, तो टाळा: फुल-फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ३ सेंटिमीटर खोलीच शार्प येते. चेहरा थोडा वळला की एक डोळा धूसर. एफ/४ ठेवा, शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० पासून गरजेपुरता वाढवा. फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. कपडे आणि भिंत दोन्ही पांढरी असतील तर ऑटो मोडमध्ये फोटो काळपट येतो; तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +०.७ करा. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा. ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल पुरतात, त्यामुळे जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी अडून राहू नका.

पोझसाठी खांदे थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे, नजर थेट लेन्समध्ये. बोलत राहा आणि त्याचं उत्तर संपतं त्या क्षणी क्लिक करा; तेव्हा ओठ सैल असतात.

माणूस समोर असतानाच एक फोटो मोबाइलवर घेऊन त्यावर वरच्या बाजूला ठळक अक्षरांत कुठलंही नाव टाका. अक्षरं केसांना टेकली तर हरकत नाही. कपाळावर उतरत असतील, तर दोन पावलं मागे सरून पुन्हा काढा.