फरसबीची भाजी बेचव होतेय? या चुका टाळा

फरसबी आवडत नाही असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, घरी ती करतात कशी? आणि बहुतेक वेळा उत्तर तेच येतं, कुकरला एक शिट्टी काढतो नाहीतर कढईत पेलाभर पाणी घालून झाकण ठेवतो. मग ती शेवाळी रंगाची आणि गिळगिळीत होणारच ना, त्यात बिचाऱ्या फरसबीचा काय दोष! कोवळी ताजी फरसबी चवीला गोडसर असते आणि नीट केली तर पोळीशिवाय नुसती वाटीत घेऊन खावीशी वाटते. तिला पाणी अगदी कमी लागतं, कढई रुंद लागते आणि आंबट काही घालायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

आधी नावाचा गोंधळ मिटवू, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. मुंबई-कोकणात जी फरसबी तोच पुण्याकडचा श्रावणघेवडा. पण नुसतं "घेवडा" म्हटलं की बऱ्याच घरांत चपटी, रुंद पापडी समोर येते, ती वालाच्या कुळातली, तिला स्वतःचा उग्र वास असतो म्हणून तिला ओवा, लसूण, गोडा मसाला सगळं झेपतं. फरसबीची जात वेगळी, ती राजम्याची सख्खी बहीण. आपल्या साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला जीआय मानांकन मिळालंय, तोही याच जातीचा, फक्त तो वाळलेल्या दाण्यांसाठी पिकवतात. त्यामुळे घेवड्याची रेसिपी बघून फरसबीत चमचाभर ओवा आणि ढीगभर मसाला घातला की फरसबीची चव मरते.

बाजारात शेंग उचलून वाकवून बघायची. कट् आवाज करत मोडली आणि तुटल्या जागी पाण्याचा ओलावा दिसला की डोळे मिटून घ्या. रबरासारखी वाकत राहिली किंवा आतले दाणे बाहेरून फुगलेले दिसले तर ती जून. ढिगावर सारखं पाणी मारलेलं असतं त्यामुळे वरून सगळीच शेंग टवटवीत दिसते, आणि तीच ओली शेंग प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फ्रीजमध्ये टाकली की दोन दिवसांत चिकट. घरी आल्यावर पेपरवर पसरून कोरडी करा, मग सुती पिशवीत ठेवा. धुवायची ती चिरायच्या आधी, चिरून धुतली की गोडवा पाण्याबरोबर मोरीत जातो.

दोर काढायचा कंटाळा करू नका. माझ्या सासूबाई शेंगेचं टोक नखाने अर्धवटच मोडतात, तुटू देत नाहीत, आणि ते लोंबतं टोक हळूच खाली ओढतात, की अख्खा दोर एका ओढीत हातात येतो, मग शेंग उलटी धरून दुसऱ्या टोकाने दुसरी बाजू. हल्ली पुष्कळ शेंगांना दोर नसतोच, तरी पहिल्या पाच-सहा शेंगा ओढून बघायच्या, दोर निघाला तर सगळ्यांचा काढायचा. घासात एक दोरा आला तरी लहान मुलं ती भाजी पुढे महिनाभर खात नाहीत, हे मी घरात बघितलंय.

आता मुख्य मुद्दा, पाणी आणि झाकण. अर्धा किलो फरसबीला दोन चमचे तेलाची फोडणी, मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता. तासभर भिजवलेली दोन चमचे चणाडाळ घाला, डाळ न भिजवता घातली तर ती टचटचीत राहते आणि तिला शिजवण्याच्या नादात फरसबीचा लगदा होतो. मग बारीक चिरलेली फरसबी घालून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं नुसती परता. ही परतायची पायरीच लोक गाळतात आणि चव तिथेच हुकते. नंतर पाण्याचा एक हबका मारायचा, कढईवर खोलगट ताट ठेवून त्यात वाटीभर पाणी ओतायचं आणि गॅस बारीक. ताटातल्या पाण्यामुळे आतली वाफ परत भाजीत उतरते आणि भाजी स्वतःच्याच ओलाव्यात शिजते. मधे ढवळताना लागलंच तर ताटातलं तेच गरम पाणी दोन चमचे घालायचं, गार पाणी घातलं की शिजणं थांबतं. दहा-बारा मिनिटं पुरतात. मीठ भाजी थोडी आटल्यावर घाला, आधी कढईभर दिसते म्हणून अंदाज चुकतो.

रंग का जातो तर शेंगेत मुळातच थोडं आम्ल असतं, ते शिजताना बाहेर पडतं आणि हिरव्या रंगाला मळकट करतं, जितका जास्त वेळ कोंडून शिजवाल तितका रंग जाणार. म्हणून शेवटची दोन मिनिटं ताट काढून ठेवते मी. टोमॅटो, आमसूल, लिंबू आधी घातलं तर दुहेरी नुकसान, रंग तर जातोच वर शेंग लवकर शिजतही नाही. आणि रंगासाठी चिमूटभर सोडा घालू नका, शेंग हिरवीगार दिसते खरी पण बुळबुळीत होते आणि जीवनसत्त्वंही जातात. सॅलडला हवी असेल तर उकळत्या मिठाच्या पाण्यात झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं, लगेच गार पाण्यात आणि लिंबू ताटात वाढताना. पण कच्ची खाऊ नका, राजम्यासारखंच हिच्यातही पोटाला त्रास देणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावरच जातं.

खोबरं की कूट यावर भांडण नको, दोन्ही छान लागतं, फक्त एका भाजीत दोन्ही नको. ओलं खोबरं गॅस बंद करताना, सोबत किंचित साखर आणि कोथिंबीर. दाण्याचं कूट असेल तर ते मात्र एक वाफ आधी, थोडा गूळ आणि अर्धा चमचा गोडा मसाला घालून. माझं मत विचाराल तर पावसाळ्यातली कोवळी शेंग खोबऱ्याचीच.

आणि बिघडलीच तर? पाणी जास्त झालं तर ताट काढून आच मोठी करा, तरी आटलं नाही तर दोन चमचे कूट पेरा. मीठ जास्त झालं तर उकडलेल्या बटाट्याच्या फोडी घालून परता. तळाला लागली तर ढवळू नका, वरची भाजी अलगद दुसऱ्या कढईत काढा. जून निघाली तर शेंगा सोलून दाणे आमटीत टाका, सालं खाण्यात मजा नाही. परदेशात राहणाऱ्यांना फ्रोझन वापरावी लागते, ती आधीच अर्धी शिजलेली असते म्हणून बर्फ वितळू न देता थेट गरम फोडणीत टाका, मोठ्या आचेवर आणि बिनझाकणाची, पाच-सहा मिनिटांत होते. आणि रात्रीची वाटीभर उरली तर सकाळी थालीपिठाच्या भाजणीत मळा, खोबऱ्याचीसुद्धा चालते, थालीपीठ फार खमंग होतं.