गावच्या जुन्या पेपरचा इतिहास काढायचाय? आधी जिल्हा बदला

इस्लामपुरातनं १८९७ साली 'प्रतोद' नावाचा पेपर निघायचा हे कळल्यावर मी सरळ सांगली जिल्हा धरून शोधत बसलो, दोन दिवस गेले आणि हाताला घंटा काही लागलं नाही. मग ट्यूब पेटली, तेव्हा सांगली जिल्हा होता कुठं? १९४९ ला दक्षिण सातारा झाला, त्याचं नाव सांगली पडलं १९६० ला. म्हणजे वाळवा (इस्लामपूर ह्याच तालुक्यात), तासगाव, खानापूरचं त्याआधीचं सगळं 'सातारा' नावाखाली बघायचं, आणि खुद्द सांगली, मिरज ही संस्थानं, त्यांची दप्तरं वेगळी.

दुसरं, अंकच सापडायला पाहिजेत असा हट्ट धरू नका. चार जणांनी वाचला की पेपर वाण्याकडं पुड्या बांधायला, तेव्हाही तेच. पेपर टिकत नाही, पेपरवर पाळत ठेवणाऱ्यांचे कागद टिकतात! १८६० च्या दशकापासून मुंबई सरकार देशी पेपरांतले उतारे इंग्रजीत करून घ्यायचं, 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' म्हणून. त्यात पेपरचं नाव, गाव आणि कोण काय लिहितंय ते मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा, अनुवादकानं सरकारला टोचेल तेवढंच उचललंय, गावची जत्रा, गुळाचा भाव असलं काही त्यात शोधू नका आणि त्यावरनं अख्खा पेपर जहालच होता असं ठोकून देऊ नका.

तिसरी जागा कोर्ट. 'प्रतोद'नं कॅनडाचे लोक स्वतंत्र व्हायची तयारी करतायत अशा अर्थाचा लेख छापला आणि राजद्रोहाचं १२४ अ कलम लागलं. खालच्या कोर्टात संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची (एका लेखाला!), अपिलात हायकोर्टानं ती बरीच कमी केली, आणि त्या तिघा न्यायमूर्तींत एक आपले महादेव गोविंद रानडे. निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या (हायकोर्टांच्या निकालांचे छापील खंड) मुंबई मालिकेत २२ व्या खंडात आहे, पान ११२ ला टिळकांचा खटला आणि १५२ ला आमचा इस्लामपूरचा. पण 'प्रतोद' टाकून शोधाल तर फसाल, खटल्याचं नाव 'क्वीन एम्प्रेस विरुद्ध रामचंद्र नारायण', आडनावच नाही. म्हणून माणसाचं आणि वडलांचं नाव दोन्ही टाकून बघायचं.

अंक मिळालाच तर इंग्रजी साल काढायला त्यावरच्या शकात ७८ मिळवा, १८१९ म्हणजे १८९७. पण जानेवारी ते साधारण मार्चमधल्या तारखेला ७९, इथं भले भले चुकतात. मग भिंगातनं 'ळ' बघा. सगळीकडं एकसारखाच, तीच गाठ तोच बाक, तर खिळे (एकेका अक्षराचे धातूचे ठसे) जुळवून छापलंय. प्रत्येक 'ळ' जरा वेगळा वळलाय तर शिळाछाप, म्हणजे कुणीतरी हातानं लिहिलंय आणि ते दगडावरनं छापलंय. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, सेलोटेप तर अजिबात नको, खिडकीजवळ धरून फ्लॅश न टाकता फोटो काढा.

फोटो पहिल्यांदा शेवटच्या पानाच्या तळाचा घ्या. १८६७ च्या कायद्यानं छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव, ठिकाण छापावंच लागायचं, ते बहुतेक तिथंच बारीक अक्षरात असतं. बाइंडिंगवाल्यानं कडा मारताना नेमकी तीच ओळ उडवली असेल तर पुढचा अंक उघडा, तिथं परत असणारच.