युद्धभूमीवर माहितीपट करताय? या चुका टाळा

सैनिकांचं रोजचं जगणं टिपायला गेलेला कॅमेरा बहुतेकदा गोळीबाराच्याच मागे धावतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. एडिटला बसल्यावर धूर आणि धावपळ भरपूर सापडते, पण तो जवान माणूस म्हणून कसा आहे, हे दाखवणारं काहीच हाती लागत नाही. छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन आणि पत्रकार सेबॅस्टियन युंगर 2007-08 मध्ये अफगाणिस्तानच्या कोरंगल खोऱ्यात एका अमेरिकी तुकडीसोबत पुन्हा पुन्हा जाऊन राहिले. त्यांच्या ‘रेस्त्रेपो’ या माहितीपटात चकमकी आहेतच, पण ही पोरं कळतात ती खोदकाम करताना, कुस्ती खेळताना, नाचताना. हेदरिंग्टनने झोपलेल्या जवानांचे फोटोही काढले. कुठल्याही चकमकीपेक्षा मला ते जास्त अस्वस्थ करतात. म्हणून चौकीवर काहीच घडत नसेल, त्या दिवशीही कॅमेरा बाहेरच असू द्या.

मुलाखती तिथेच उरकू नका. शेजारी साथीदार, कानावर अधिकाऱ्याचा आवाज, डोक्यात पुढची गस्त. अशा वेळी कोण मोकळं बोलेल? या दोघांनी मुलाखती घेतल्या त्या तुकडी इटलीतल्या तळावर परतल्यानंतर. काळी पार्श्वभूमी आणि जवळून दिसणारा चेहरा, बस्स. वेगळं निवेदन लागलंच नाही.

आवाजासाठी कॅमेऱ्यावरच्या माईकच्या भरवशावर राहू नका. चित्र हललेलं चालतं, बोलणं ऐकू आलं नाही तर प्रसंगच हातचा जातो. फुटेजच्या दोन प्रती रोज रात्री करा आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. भिंतीवरचे नकाशे, फाइलमध्ये आपोआप नोंदलं जाणारं ठिकाण, हे सगळं तपासूनच फुटेज बाहेर पाठवा. त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

लष्कराने परवानगी दिली म्हणजे जवानाने संमती दिली असं होत नाही. जखमी माणसाला तर शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारायलाच हवं. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचा मानसिक आघात झालेल्या सैनिकांवरचा 1946 चा माहितीपट अमेरिकी लष्कराने रुग्णांच्या खासगीपणाचं कारण देत अनेक दशकं अडवून ठेवला होता. लेखी संमती घ्या, तिची प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि प्रथमोपचार शिकल्याशिवाय निघूच नका. 20 एप्रिल 2011 रोजी लिबियातल्या मिसरातामध्ये स्फोटात जखमी झालेला हेदरिंग्टन रक्तस्रावाने गेला. त्यानंतर युंगरने युद्धवार्तांकन करणाऱ्या मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था उभी केली. रक्तस्राव थांबवणारा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, बॅगेच्या तळाशी ठेवू नका. कुठल्याही एका हाताने काढता येईल असा अंगावरच बाळगा, आणि तो कुठे आहे हे सोबतच्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.